वळवाचा अंदाज: 'मेघदूत', 'मौसम' आणि 'दामिनी' कुठे कामाला येतात

एप्रिल-मेमध्ये 'विजांच्या कडकडाटासह वादळी पावसाची शक्यता' असं आलं की विहिरीनं तळ गाठलेल्या गावात एकच प्रश्न असतो: उद्याची पाण्याची पाळी द्यायची की थांबायचं? द्यायची. अंदाजाच्या भरवशावर पाळी चुकवू नका. काढलेला माल आणि जीव वाचवायला मात्र ही तिन्ही सरकारी ॲप्स फोनमध्ये हवीतच.

अंदाजातला 'तुरळक ठिकाणी' हा शब्द नीट वाचावा. त्याचा अर्थ, त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस. वळवाचा ढग दुपारच्या तापल्या जमिनीवर उठतो, काही किलोमीटरचाच असतो आणि बहुतेक वेळा तासाभरात विरतो. बांधाच्या अलीकडे चिखल, पलीकडे धूळ, तरी अंदाज बरोबरच असतो. हवामान इशाऱ्याचा पिवळा-नारंगी रंगही केवळ पावसाचा नसतो, वारा आणि विजेसाठीही तो देतात.

'मेघदूत'वर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला आणि पाच दिवसांचा अंदाज मिळतो. कांदा काढणी त्यावर ठरवा. 'मौसम'मधला तीन तासांचा तात्कालिक इशारा सगळ्यांत उपयोगी. दुपारी दोननंतर तो पुन्हा पुन्हा उघडा. ताशी ४०-५० किमी वारा दिसला की कांद्यावर ताडपत्री टाकून कडा मातीनं दाबा. पाऊस उघडला की लगेच काढा, नाहीतर आत वाफ कोंडून कांदा सडतो.

'दामिनी' पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं. २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं, पण लोकेशन आणि इंटरनेट चालू हवं. वादळात रेंज गेलीच तर चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तीनानं भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर शेत सोडून पक्क्या घरात जा. झाडाखाली अजिबात नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

आता दिलाशाचा हिशेब. १ मिमी पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी. ५ मिमीचे २० हजार लिटर ऐकायला भरपूर वाटतात, पण भर उन्हाळ्यात दिवसाला ७-८ मिमी सहज उडून जातं. २० मिमीच्या पुढे पडला आणि खुरप्यानं उकरल्यावर वीतभर ओल लागली, तरच पाळी पुढे ढकला. मोजायला सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर, झाडाछपरापासून लांब ठेवा आणि पाऊस थांबताच आतलं पाणी पट्टीनं मोजा.