टाकी फुल असली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास: एका गॅरेजचा अनुभव

गाडीतला पेट्रोलचा वास ज्या गॅरेजनं शेवटी घालवला, त्यांनी फोनवर सगळ्यात आधी विचारलं, "गाडीखाली थेंब पडतात का?" पडत असतील तर गाडी सुरूच करायची नाही, टो करून आणू, असं स्पष्ट सांगितलं. थेंब नव्हते, नुसता वास होता. मग पुढचा प्रश्न: "वास कधी येतो ते सांगा ताई. कुठून येतो ते आम्ही बघतो."

टाकी फुल केली की मागच्या सीटवर, म्हणजे माझी मुलगी बसते तिथे, डोकं दुखेल इतका वास. टाकी अर्ध्यावर आली की बंद. आधीच्या एका वर्कशॉपलाही मी हेच सांगितलं होतं. त्यांनी फ्युएल फिल्टर बदलला, आत सुगंधी फवारा मारला आणि बिल हातात दिलं. पुढच्या वेळी टाकी भरली आणि वास हजर. मुलं बसतात त्या गाडीत पेट्रोलची वाफ असताना फवारा मारून ती परत देणं मला आजही गंभीर वाटतं.

इथल्या मेकॅनिकनं मात्र तेवढ्याच माहितीवरून अंदाज बांधला: गळती टाकीच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे टाकीत बसवलेल्या फ्युएल पंपाच्या झाकणाचं सील, पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी होज किंवा वाफेच्या बारीक नळ्या. सकाळी थंड इंजिन सुरू करताना बॉनेटकडून वास येत असता, तर त्यानं आधी इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या, ओ-रिंग (रबरी कड्या) तपासल्या असत्या. इंजिन ऑइलची पातळी बघायच्या पट्टीला, म्हणजे डिपस्टिकला, पेट्रोलचा वास असता, तर इंजेक्टर आतल्या आत गळतोय का ते पाहिलं असतं.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर पी०४४२ हा बिघाडाचा कोड आला. त्याचा अर्थ टाकीतली वाफ बाहेर जाऊ न देणाऱ्या बंदिस्त यंत्रणेत छोटी गळती आहे, एवढाच; ती कुठे आहे ते कोड सांगत नाही. म्हणून त्यांनी स्मोक टेस्ट केली. खनिज तेलाचा पांढरा धूर अगदी कमी दाबानं या नळ्यांत सोडतात, तोही साध्या हवेऐवजी नायट्रोजनसोबत, कारण टाकीत पेट्रोलची वाफ असते. मागची सीट उचलली, खालचं पत्र्याचं झाकण काढलं, तर पंपाच्या एका कडेनं धूर वर येताना मला दिसला. पेट्रोल भरायच्या होजवरही, क्लिपच्या अगदी खाली, धुराची एक बारीक धार होती. जिथे बोट ठेवून दाखवता येतं, तिथला खर्च करायला माझी काही हरकत नसते.

या गॅरेजला मी सर्वाधिक गुण देते ते पुढच्या तयारीसाठी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगीनं पेट घेते. म्हणून काम पिटवर, म्हणजे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर, न करता मोकळ्या बाजूला, दारं उघडी ठेवून केलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच सोडवली. टाकीतलं पेट्रोल बंद कॅनमध्ये काढलं. काचेचा बल्ब असलेला दिवा जवळ येऊ दिला नाही, फक्त बंदिस्त एलईडी टॉर्च. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी होता. शेजारच्या गाडीवर ग्राइंडर चालू होणार होता, तो मालकानं स्वतः जाऊन थांबवला. हे कुणी ग्राहकाला दाखवायला करत नव्हतं, ते मला हालचालींवरून कळत होतं.

पंपाचं सील नवं घातलं. जुनं पेट्रोलनं फुगलेलं असतं, ते पुन्हा नीट बसत नाही. वर सिलिकॉन लावून भागवा असं मी कुणाला सांगणार नाही, पेट्रोलमध्ये ते टिकत नाही. पंपाचं झाकण घट्ट धरणारी गंजलेली लॉक रिंगही बदलली. भरायच्या नळीसाठी त्याच कामाचा होज मागवला, त्यासाठी थांबावं लागलं. साधा पाण्याचा होज घालून गाडी त्याच दिवशी देता आली असती. त्यांनी तसं केलं नाही.

आता तक्रार. स्मोक टेस्ट वाफेची बाजू तपासते. पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या लाइनमध्ये साधारण ३ ते ४ बार दाब असतो, तिथली गळती या धुरात दिसत नाही. ती तपासणी त्यांनी मी विचारल्यावर केली: दाब मोजायचा गेज लावला, इंजिन बंद करून दाब किती टिकतो ते पाहिलं, आणि प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू फिरवला. सगळं ठीक निघालं. पण वासाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीला हे न मागता व्हायला हवं. जुने भागही भंगारात गेले होते, मागून घ्यावे लागले. बिलात "फ्युएल सिस्टिम काम" एवढंच होतं. सील, रिंग, होज वेगळं लिहून द्या म्हटल्यावर दिलं.

गाडी देण्याआधी त्यांनी पुन्हा धूर सोडून दाखवला, कुठूनही आला नाही. टाकी फुल करून मी गाडी रात्रभर काचा बंद करून ठेवली. सकाळी दार उघडलं तर वास नव्हता. पेट्रोल पंपावर नोझल पहिल्यांदा टक करून थांबलं की आणखी भरायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये, म्हणजे वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, गेलं की तो खराब होतो, आणि तो भाग सीलपेक्षा कितीतरी महाग.