पहिल्यांदाच एकट्याने परदेशी: नेपाळ की व्हिएतनाम?

बजेट बेताचं, घरच्यांना काळजी आणि सोबत कुणी नाही, अशा वेळी खान्देशातून निघणाऱ्याने हे दोन देश नीट तोलून पाहावेत.

नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका. विमानाशिवायही जाता येतं. भुसावळला कुशीनगर किंवा काशी एक्सप्रेस धरली की थेट गोरखपूर, तिथून बसने सोनौली, सीमा पायी ओलांडायची, पुढे लुंबिनी जवळच. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी, हा दर ठरलेला. हिंदी बहुतेकांना समजते, डाळ-भात जागोजागी मिळतो. काही अडलंच तर त्याच रस्त्याने घरी परतता येतं. पहिल्या खेपेला हा धीर फार मोठा असतो, आणि घरच्यांना पटवायलाही तोच कामी येतो.

व्हिएतनामच्या खर्चात मोठा वाटा विमान तिकिटाचा. 90 दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा 25 डॉलरला मिळतो. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, कारण तसंच रूप दाखवून जादा पैसे घेणारे दलाल बरेच आहेत. एकदा पोहोचलात की राहणं-खाणं स्वस्त. ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपवर भाडं आधीच दिसतं, हुज्जत घालावी लागत नाही. एकट्या मुलीला रात्री याचा खरा आधार. पैसे देताना मात्र नोट नीट बघा: 20,000 आणि 5,00,000 डोंगच्या दोन्ही नोटा निळसर. शाकाहारी असाल तर 'चाय' (Chay, म्हणजे शाकाहारी) पाटीची खानावळ शोधा, एरवी भाजीतही माशाचा सॉस पडतो.

धोका दोन्हीकडे रस्त्यावरच आहे. नेपाळात पावसाळ्यात दरडी कोसळतात. जुलै 2024 मध्ये सिमलतालजवळ दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. तेव्हा पावसाळा टाळा आणि रात्रीची बसही टाळा. व्हिएतनामात मोह स्कूटरचा. आपल्याकडे गाडीशिवाय पाऊल पडत नाही, म्हणून तिथेही भाड्याने घ्यावीशी वाटते. पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या रस्ते वाहतूक कराराचा, आणि तिथे 1968 च्या कराराचा लागतो. दुकानदार चावी देईल. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करेल. एकटं असताना ही जोखीम मुळीच घेऊ नका.

सुटी कधी आहे, यावर माझं मत ठरतं. दिवाळीत निघणार असाल तर डोळे मिटून नेपाळ: आभाळ मोकळं, पोखऱ्यातून अन्नपूर्णा पर्वत स्वच्छ दिसतो. त्याच दिवसांत व्हिएतनामच्या होई आन, दा नांग भागात पुराचा हंगाम असतो. पासपोर्ट तयार असेल आणि सुटी मार्चमध्ये असेल, तर व्हिएतनामला जा. जानेवारी-फेब्रुवारीत जायचं तर त्यांच्या नववर्षाचा, तेतचा आठवडा वगळून तिकीट काढा. तेव्हा बरीच दुकानं बंद आणि रेल्वे भरलेल्या असतात.