जुन्या अरीनात आठ महिने: पास माझा, छत कोणाचं?

आमच्या शहराच्या मालकीच्या जुन्या अरीनाचा, म्हणजे छत असलेल्या बंदिस्त स्टेडियमचा, हंगामी पास घेतला तो बास्केटबॉलसाठी, जमलं तर एखाददुसऱ्या मैफलीसाठी. आठ महिन्यांत एकोणतीस फेऱ्या झाल्या. मधेच ‘याच्या नूतनीकरणाला कराचा पैसा द्यायचा का’ हा वाद पेटला आणि माझं लक्ष खेळावरून छताकडे गेलं.

आधी कौतुक. रांगांचा उतार इतका खडा आहे की सगळ्यात मागूनही चेंडू बोटांतून सुटताना दिसतो. नव्या अरीनांत मधल्या मजल्यावर बड्या पाहुण्यांच्या खोल्या असतात आणि साधा तिकीटवाला पार वर फेकला जातो. इथे तो प्रकार नाही.

बाकी आनंद आहे. मध्यंतर संपतं, स्वच्छतागृहाची रांग संपत नाही. पाऊस असला की माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर बादली येते. गाण्याचा एक शब्द मागच्या भिंतीवर आपटून परत येईपर्यंत गायक पुढच्या ओळीवर गेलेला असतो. पण खरं दुखणं प्रेक्षकाला दिसत नाही. मोठ्या मैफलींचे दिवे, स्पीकर, पडदे हल्ली छताला टांगतात, आणि ते वजन कित्येक टनांत जातं. हे छत बांधलं तेव्हा कोणी एवढा भार धरलाच नव्हता. म्हणून मोठे दौरे इथे थांबत नाहीत आणि कितीतरी रात्री कुलूप असतं.

‘अरीनामुळे आसपासचा धंदा वाढतो’ हे मीही मान डोलावून ऐकायचो. मग स्वतःचा खर्च तपासला. पासाचे पैसे आले कुठून? सिनेमे बंद केले, बाहेरचं जेवण कमी केलं. शहरात नवा पैसा आलाच नाही, इकडचा तिकडे गेला. अर्थतज्ज्ञ एरवी एकमेकांचं ऐकत नाहीत, पण सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या स्टेडियमांबद्दल बहुतेकांचं म्हणणं हेच आहे: घातलेला खर्च शहराला परत मिळत नाही.

कर्जाचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या सिएटल शहरातलं किंगडोम हे स्टेडियम २००० साली सुरुंग लावून पाडलं. त्याची देणी २०१५पर्यंत फिटत होती. नसलेल्या इमारतीचे हप्ते! त्याच सिएटलमध्ये १९६२च्या अरीनाचं छत जागच्या जागी तोलून धरलं, खाली खोदून सगळं नव्याने बांधलं आणि २०२१ साली ते उघडलं. एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला, तो मुख्यतः खाजगी; मालकी मात्र शहराकडेच राहिली. अर्थात तिथे आइस हॉकीचा नवा संघ येणार होता. गिऱ्हाईक दिसल्याशिवाय कोण एवढे पैसे ओततो?

तर माझं मत. छत, नळ, वायरिंग, लिफ्ट यांना करातून द्यावं. इमारत आपली आहे. ती कुजू देण्याला काटकसर म्हणत नाहीत. खास खोल्या, भलामोठा स्क्रीन, खेळाडूंची कपडे बदलायची खोली हे संघमालकाने बघावं. अरीनाला एखाद्या कंपनीचं नाव देण्याचे हक्क विकले तर त्या पैशात शहराचा वाटा हवा. आणि संघाचा इथे खेळण्याचा करार कर्ज फिटण्याआधी संपता कामा नये. ही अट कागदावर नसेल तर मी विरोधात मत देईन, कितीही आवडता संघ असो.

पाचपैकी तीन तारे, त्यातला एक निव्वळ उताराला. पास पुन्हा घेतलाय, फक्त रांग बदलून मागितली आहे, बादलीपासून लांबची.