जुना कॅसेट डेक: साफसफाईनंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा

निकाल आधीच सांगून टाकतो. ऐंशीच्या दशकातला जपानी कॅसेट डेक नीट साफ केला, बेल्ट बदलला आणि हेडचा ॲझिमुथ, म्हणजे टेपशी असलेला त्याचा कोन, जुळवला, तर तो आजही रोज ऐकावासा वाटेल असा आवाज देतो. त्यापुढच्या ‘सुधारणां’चा मात्र मला तरी काही फायदा दिसला नाही. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. चाळीस वर्षांत रबर कुणाचंही गेलंच असतं, आणि खाली जे लिहिलंय ते त्या काळच्या बहुतेक डेकना लागू पडतं.

डेक एका कॅसेटचा, दोन हेडचा, डॉल्बी बी आणि सी (टेपची सळसळ कमी करणाऱ्या सोयी) असलेला. नागपूरला इतवारीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला. दुकानदार म्हणाला, “भाऊ, फर्स्ट क्लास चालून राहिला, फक्त कॅसेट फिरत नाही.” म्हणजे लाईट लागत होता. असा डेक घेताना सगळ्यात आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. गल्फमधून आलेल्या सेटला तो बहुधा असतो. तो 110 वर असताना आपल्या 230 च्या सॉकेटमध्ये प्लग घातला तर फ्यूज उडतो, आणि नशीब खराब असेल तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. खास जपानसाठी बनलेला सेट असेल तर तो फक्त 100 व्होल्टचा, त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

आत बेल्टचं डांबर झालं होतं. हे डांबर कपड्याला लागलं तर निघत नाही, तेव्हा हातमोजे आणि जुना शर्ट घालूनच बसा. फ्लायव्हील आणि पुलीची खाच आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) लावलेल्या कापसाच्या काड्यांनी पुसत राहायचं, काडी पांढरी निघेपर्यंत. मेडिकलमधलं साधं स्पिरिट यासाठी नको, त्यात पाणी आणि इतर काहीबाही असतं. सीताबर्डीवर मोबाईल दुरुस्तीवाले जे आयपीए वापरतात ते मागा. जुना बेल्ट वितळलेला असल्यामुळे माप मिळत नाही. मग पुलींवरून दोरा फिरवून लांबी घ्यायची आणि त्यातून साधारण पाच टक्के कमी करायची. बेल्ट चपटा होता की चौकोनी, ते पुलीच्या खाचेवरून कळतं.

हेड, कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) आणि पिंच रोलर (टेप त्यावर दाबणारं रबरी चाक) यांच्यावर तपकिरी थर होता, तो टेपवरचा झडलेला ऑक्साईड. हेड आणि कॅपस्टनला आयपीए चालतं. रबरी रोलरला मी साबणाचं पाणीच वापरतो, मग कोरड्या कापडाने पुसून वाळवतो. कॅपस्टनच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. जास्तीचं तेल बेल्टवर किंवा रोलरवर गेलं की सगळी मेहनत पाण्यात.

डावा चॅनल मधूनच बसायचा. अशा वेळी लोक लगेच हेड गेलं म्हणतात. बहुतेकदा दोष असतो रेकॉर्ड-प्ले स्विचचा, म्हणजे बोर्डावरच्या त्या लांबट सरकत्या स्विचचा. त्याचे संपर्क काळे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो बराच वेळ मागेपुढे सरकवला आणि चॅनल परत आला. तेव्हापासून पुन्हा गेलेला नाही.

नवा बेल्ट बसवल्यावर वेग वाढलेला निघाला. 3150 हर्ट्झचा सूर असलेली टेस्ट कॅसेट लावून कॉम्प्युटरवर मोजलं तर 3230 च्या आसपास, म्हणजे अडीच टक्के जास्त. आकडा किरकोळ वाटतो, पण पांढरी चारमध्ये लावलेला तंबोरा त्यामुळे पांढरी चार आणि काळी तीनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. पेटी घेऊन साथ करायला बसा, लगेच कळेल. मोटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात आत वेगाचा प्रीसेट, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू. प्लॅस्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने केसभर फिरवायचा, मोटर गरम झाल्यावर.

सगळ्यात मोठा फरक पाडला तो ॲझिमुथने. कॅसेटची टेप सेकंदाला जेमतेम 4.76 सेंटिमीटर सरकते. 10 किलोहर्ट्झच्या आवाजाची एक अख्खी लहर टेपवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागेत लिहिलेली असते. हेडमधली फट टेपच्या दिशेशी बरोबर काटकोनात नसेल, तर या लहरी एकमेकींना खातात आणि झांजांची, चिपळ्यांची धार जाते. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू असतो, बहुधा रंगाचा ठिपका लावलेला. आधी मूळ जागेची खूण करून ठेवा. मग ॲम्प्लिफायर मोनोवर टाकून, फक्त निवेदन किंवा एकट्याचं गाणं असलेली कॅसेट लावून स्क्रू हळूहळू फिरवा. एका जागी ‘स’ आणि ‘श’ एकदम स्पष्ट होतात. तिथे थांबा आणि नेलपॉलिशचा ठिपका द्या.

आकाशवाणी नागपूरवरून घरी टेप केलेल्या कॅसेट वेगळ्याच टेपरेकॉर्डरवर भरलेल्या होत्या, तेव्हा त्यांच्यासाठी हा कोन पुन्हा बदलावा लागतो. मी त्या सगळ्या एकत्र डिजिटाईज केल्या आणि स्क्रू परत खुणेवर आणला. कॅसेटगणिक स्क्रू फिरवत बसणं मला पटत नाही. डॉल्बीचंही यातच येतं: ॲझिमुथ चुकलेला असताना डॉल्बी लावलं तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो, आणि दोष डॉल्बीला मिळतो.

सुधारणांपैकी डिमॅग्नेटायझर (हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व काढायचं यंत्र) आणून बघितला, फरक ऐकू आला नाही. भारी केबलचंही तेच. सगळे कपॅसिटर बदलून देतो म्हणणारे एक मेकॅनिक भेटले. पॉवर सप्लायचे व्होल्टेज बरोबर येत होते आणि गुणगुण नव्हती, म्हणून हात लावू दिला नाही. पूर्वी थोडी गुणगुण होती ती डेकवर ठेवलेल्या ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरची. हेड म्हणजे शेवटी वेटोळंच, शेजारचं चुंबकीय क्षेत्र ते पकडणारच. डेक वेगळ्या कप्प्यात ठेवला, विषय संपला.

आता मोसमांचं. आपल्याकडचा मे महिना डेकने निमूट काढला. मात्र कूलरच्या वाऱ्यासमोर डेक ठेवू नका, ओल आणि धूळ दोन्ही थेट आत जाते. कॅसेट कारमध्ये विसरलात तर कवच वाकडं होतं. उन्हाने कॅसेटच्या आतला फेल्टचा बारीक पॅडही सुटतो, मग आवाज अचानक दबतो. स्क्रूचं कवच असेल तर उघडून पॅड चिकटवता येतो, चिटकवलेलं असेल तर टेप दुसऱ्या कवचात घालावी लागते.

पावसाळ्यात त्रास झाला तो बुरशीचा. टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले की ती कॅसेट डेकमध्ये घालायचीच नाही, नाहीतर हेडवरून ती बाकीच्या कॅसेटनाही लागते. अशा वेगळ्या काढल्या आहेत. आधी कोरड्या करून, मास्क लावून, एका टाकाऊ टेपरेकॉर्डरवर गुंडाळून घेतो आणि मगच पुढे नेतो.

देखभाल म्हणाल तर अठरा-वीस कॅसेट झाल्या की हेड आणि कॅपस्टन पुसतो, एवढंच. बेल्ट, आयपीए आणि क्लीनर मिळून हजाराच्या आत भागलं, डेकची किंमत वेगळी. रिवाइंड अजून मंद आहे, आयडलरचा, म्हणजे रीळ फिरवणाऱ्या चाकाचा, टायर गुळगुळीत झालाय. काउंटरही फिरत नाही, त्याला वेगळा छोटा बेल्ट असतो. इतवारीत त्या मापाचा कुणाला दिसला तर सांगा.