चाकणच्या युनिटसाठी घेतलेली पावसाळी ड्रेन ऑडिटची सर्व्हिस : साइटवर एक नंबर, फाईलच्या नावाने बोंब

आमचं सीएनसी मशीनिंगचं युनिट आहे चाकण एमआयडीसीत. कन्सेंटचं (प्रदूषण मंडळाच्या परवानगीचं) रिन्यूअल तोंडावर आलं होतं आणि त्यातच अमेरिकेतल्या कस्टमरच्या ऑडिटवाल्यांनी विचारलं की स्टॉर्म वॉटर प्लॅन दाखवा. त्यांच्याकडे कारखान्याच्या आवारातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी स्वतंत्र परमिट लागतं, पाणी बाहेर पडायला लागलं की पहिल्या अर्ध्या तासात सॅम्पल वगैरे कडक भानगडी असतात. आपल्याकडे वेगळं परमिट नाही, जे आहे ते एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटच्या अटींमध्येच, म्हणजे एफ्लुएंटची (कारखान्याच्या सांडपाण्याची) लाइन वेगळी ठेवा, पावसाचं पाणी त्यात मिसळू देऊ नका, हे सगळं मागच्या पानांवर, आणि लोक फ्रेम करून लावतात पहिलं पान. म्हणून पुण्यातल्या एका छोट्या कन्सल्टन्सीला बोलावलं. नाव टाकत नाही, खाली थोडं वाईटही लिहिलंय.

आधी चांगलं. दोघं जण गमबूट घालून आले, आमचं ड्रॉइंग बाजूला ठेवलं आणि सरळ चेंबरची झाकणं उघडायला लागले. मग पार्ट्स धुवायच्या सिंकमध्ये हिरवा डाय ओतला. आम्ही सगळे ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) कलेक्शन टँकवर डोळे लावून उभे, तिथे काहीच येईना, आणि थोड्या वेळाने गेटवरचा सिक्युरिटीवाला ओरडला की साहेब, पावसाळी गटारात हिरवं पाणी आलंय! आधीच्या मालकाच्या प्लंबरने पाइप जवळ पडतो म्हणून तिकडे जोडून ठेवला होता. त्या गटारातून बोर्डाने जेव्हीएस (तपासणीचं सॅम्पल) उचललं असतं तर कल्पना करा, ऑइल अँड ग्रीसची लिमिट लिटरला १० मिलिग्रॅम, सीओडीची (पाण्यातली घाण मोजायचं एक माप) २५०, आणि कूलंटच्या (मशीनिंग करताना हत्यार थंड ठेवायला सोडतात त्या तेलकट द्रवाच्या) पाण्याचा सीओडी हजारांत जातो. वॉटर ॲक्टच्या कलम ३३ए खाली बोर्डाला लाइट-पाणी तोडायचे आदेश देता येतात, हे पण त्यांनीच समजावलं.

दुसरं म्हणजे स्क्रॅप यार्ड. शेडच्या पन्हाळीचा पाइप नेमका चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) बिनांशेजारी उतरलेला, म्हणजे छतावरचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी खाली येऊन कूलंट धुऊन घेऊन नाल्याला जायचं. मोठा ऑइल सेपरेटर गळ्यात मारतील असं वाटलं होतं, पण पाइप फिरवा, बिनांवर पत्रे टाका, भोवती बुटका कठडा घाला आणि ठिबकणारं कूलंट एका खड्ड्यात गोळा करून ईटीपीला द्या, एवढंच सांगितलं. खर्च किरकोळ. हे सगळं वळवाच्या आत उरका म्हणाले कारण उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पहिलाच पाऊस घेऊन जातो. पटलं.

आता बोंब. रिपोर्ट सरळ कॉपी-पेस्ट, त्यात आमच्या बॉयलरचा उल्लेख, आमच्याकडे बॉयलरच नाही! कोटेशनमध्ये पहिल्या पावसाचं सॅम्पल लिहिलेलं, पण वळीव कोसळला तेव्हा फोन केला तर म्हणे टीम दुसऱ्या साइटवर आहे, आणि मग ऑगस्टमध्ये येऊन बाटली भरून नेली. तोपर्यंत यार्ड धुऊन चकाचक, रिझल्ट चांगलाच येणार ना, त्यात काय सिद्ध झालं? शिवाय रिपोर्ट सगळा इंग्रजीत. रात्री बॅरल आडवं झालं तर आउटलेटचा व्हॉल्व्ह कुठे आहे, तो आधी बंद करायचा, मग भुसा टाकायचा आणि तेलकट भुसा हॅझार्डस वेस्टमध्येच द्यायचा, एवढं एका पानावर मराठीत द्या म्हटलं तर त्याचे जादा पैसे सांगितले. शेवटी आमच्या स्टोअरच्या पोराने लिहून गेटवर चिकटवलं.

तरी साडेतीन स्टार, डायसाठी. रेट घासाघीस केली की कमी होतो, फक्त पहिल्या पावसाचं सॅम्पल पीओमध्ये (परचेस ऑर्डरमध्ये) ठळक लिहून घ्या आणि लॅबचा कागद हातात पडल्याशिवाय शेवटचं पेमेंट सोडू नका.