विज्ञानकथा लिहून झाली, आता वाचक गाठायचा कुठे: ॲपवर की छापील पुस्तकातून?

गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. कादंबरी लिहून तयार आहे, विज्ञानकथा आहे, प्रकाशकांकडून उत्तर येत नाही. आलंच तर "या प्रकाराला वाचक कमी" एवढंच येतं. मग स्वतःच बाहेर काढायची, तर ॲपवर भागाभागाने टाकायची की पदरचे पैसे घालून छापायची? मी दोन्ही करून पाहिलंय. पहिली कादंबरी एका वाचनाच्या ॲपवर चौदा भागांत आली, नंतर तीच दुरुस्त करून छापली आणि दुसरी थेट पुस्तक म्हणूनच काढली. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, ते लपवत नाही. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तुमचा निर्णयही वेगळा येईल, आणि तो चुकीचा असेलच असं नाही.

खातं कसं उघडायचं, फाइल कशी चढवायची हे तुम्हाला माहीत असेलच, त्यामुळे ते सोडून देतो.

ॲपच्या बाजूने मनापासून सांगण्यासारखं पुष्कळ आहे. रात्री अकराला भाग टाकला की सकाळी चहाच्या आधी दहा-बारा प्रतिक्रिया आलेल्या असायच्या. खर्च शून्य. ज्या गावात पुस्तकाचं दुकान म्हणजे गाइड आणि वह्या, त्या गावातला मुलगाही एसटीत बसल्या बसल्या तुमची गोष्ट वाचतो. दर शुक्रवारी भाग द्यायचाच, या धाकाने माझी कादंबरी पुरी झाली. नाहीतर ती अजूनही सातव्या प्रकरणात अडकलेली असती. नवीन लिहिणाऱ्याला ही शिस्त फार उपयोगी पडते.

अडचण विज्ञानकथेपुरती आहे. माझ्या कादंबरीचा सगळा डोलारा लोणारवर उभा आहे. 2020च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून, हॅलोआर्किया या खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झाल्याचं सांगितलं. तिथून मला गोष्ट सुचली. पण हे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, खड्डा उल्कापाताचा आहे, पाऊस लांबून पाणी आटलं की क्षार वाढतात, हे सगळं वाचकाच्या मनात दुसऱ्या प्रकरणात नीट बसलं नाही तर पुढचं काहीच पटत नाही. पुस्तकात ती सहा पानं वाचक शांतपणे वाचतो. ॲपवर त्या दुसऱ्या भागाला वाचक धडाधड गळाले, "भूत कधी येणार?" अशी विचारणाही झाली. मग मी तिसऱ्या भागातला खून उचलून दुसऱ्यात आणला. वाचक परत आले, पण ती जोडणी मला आतून खटकत राहिली. छापताना मूळचा क्रम परत लावला तेव्हा बरं वाटलं.

तरी एवढ्यावरून मी ॲप सोडलं नसतं. माझा निर्णय वेगळ्याच गोष्टीने झाला.

नवव्या भागात एक प्रसंग होता. नायिका सरोवराच्या कडेवर बसली आहे, कृष्णपक्षातली अष्टमी आहे, संध्याकाळचे सात वाजलेत आणि पूर्वेला चंद्र वर येतो. मला तो प्रसंग फार आवडायचा. भाग टाकल्यावर तासाभरात एका वाचकाने खाली लिहिलं: "संकष्टीला आमच्याकडे चंद्र बघून ताटं लागेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. त्यानंतर चार दिवसांनी अष्टमी. मग तुमचा चंद्र सातला कसा उगवला?"

बरोबर होतं. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास वर येतो. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने ही चूक करायची नसते. याच वाचकाने पुढे अकराव्या भागात ऑक्सिजनच्या टाकीचा हिशेब तपासून दिला, तेराव्या भागात एका पात्राचं वय दोन प्रकरणांत जुळत नाही हे दाखवलं. असा वाचक लेखकाला आयुष्यात दोन-चारदाच मिळतो. त्याचं नाव काय, गाव कोणतं, शिक्षक की शेतकरी की विद्यार्थिनी, मला काहीही माहीत नाही. खात्याचं नाव म्हणजे "वाचक" आणि पुढे पाच आकडे.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत त्याला पाठवायची ठरवली. ॲपवर निरोप टाकला. उत्तर नाही. दोन आठवड्यांनी पाहिलं तर ते खातंच दिसेना. ॲपच्या मदतकक्षाला लिहिलं की पत्ता देऊ नका, फक्त माझा निरोप त्याच्यापर्यंत पोचवा. वापरकर्त्यांची माहिती देता येत नाही, असं ठरावीक उत्तर आलं. त्यांचं बरोबरच आहे, नियम वाचकाच्या भल्यासाठीच आहे. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की चौदा आठवडे राबून मी वाचक जमवले ते ॲपसाठी. माझ्या नावाखाली अकराशेवर अनुयायी दिसत होते. दुसऱ्या कादंबरीची घोषणा केली तेव्हा ती त्यांतल्या किती जणांना दिसावी हे ॲप ठरवणार होतं. चौकशा आल्या चार.

हे तुम्हाला किरकोळ वाटू शकतं. एकच पुस्तक लिहून थांबायचं असेल तर ते किरकोळ आहेच. पण दुसरं, तिसरं लिहायचं असेल तर पहिल्या पुस्तकाची खरी कमाई म्हणजे, दुसरं आलंय हे ज्यांना तुम्ही स्वतः कळवू शकता अशी माणसं. माझ्या मते स्वतंत्र लेखकाची प्रसिद्धी म्हणजे बव्हंशी एवढंच.

ॲपचा विषय निघाला की लोक अँडी वेअर या अमेरिकन लेखकाचा दाखला देतात: "त्याने 'द मार्शियन' फुकट भागाभागाने टाकली आणि सिनेमापर्यंत गेली." खरं आहे, पण त्याने ती स्वतःच्या संकेतस्थळावर टाकली होती, आणि त्याच्याकडे आधीपासून जमवलेली वाचकांची ईमेल यादी होती. वाचकांनीच मागितली म्हणून त्याने ती किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक दुकानात, तिथल्या सर्वांत कमी किमतीला, 99 सेंटला, ठेवली. म्हणजे ज्या दाखल्यावर लोक ॲपकडे वळतात, त्या दाखल्यातही वाचक लेखकाच्या ओळखीचे होते.

आता छापील बाजू. इथे त्रास भरपूर आहे, आणि तो आधीच माहीत असलेला बरा.

पैसा आधी जातो. डेमी आकार, अकरा फर्मे, म्हणजे 176 पानं. मी पहिल्या शंभर प्रती डिजिटल छापल्या, त्या प्रतीमागे 130 रुपयांना पडल्या. त्या संपल्यावर चारशे ऑफसेटला काढल्या, तेव्हा भाव 85वर आला. गावागावांत कागदाचे दर आणि छापखान्याची पद्धत वेगळी, त्यामुळे हे आकडे फक्त अंदाजाला घ्या. थेट पाचशेची आवृत्ती काढू नका एवढं मात्र नक्की सांगतो. पहिल्या शंभरांत हमखास चुका निघतात. वितरकाकडे गेलात तर तो चाळीस ते पन्नास टक्के मागतो आणि पैसे यायला वर्ष लागू शकतं. मी एकदा दिलं, पुन्हा दिलं नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मात्र फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडे लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

अक्षरजुळणीचा एक धोका खास आपल्याच वाट्याचा आहे. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिता, जुळणीवाला अजून जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काम करतो, आणि फाइल इकडून तिकडे नेताना "ऱ्य" मोडतो. इतर पुस्तकांत हे चार ठिकाणी होईल. विज्ञानकथेत "ताऱ्याच्या", "ताऱ्यांमधलं", "वाऱ्याचा" हे पानोपानी येतं. माझ्या पहिल्या प्रुफात सगळ्या ताऱ्यांचे "तार्या" झाले होते. डोळ्यांनी एक-एक शोधावा लागला. तेव्हा पहिलं प्रूफ फक्त "ऱ्य"साठी वाचा, मजकुरासाठी दुसरं.

टपालाचं मात्र सोपं झालंय. 1 मे 2025पासून टपाल खात्याने ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू केली. तीनशे ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला 20 रुपये आणि वर कर. माझं पुस्तक पाकिटासकट त्यात बसतं. ते जमिनीवरून जातं, त्यामुळे वेळ लागतो, पण माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं; ते आपण घालतोच.

आणि आता ज्यासाठी हे सगळं सोसायचं ते. प्रदर्शनात आम्ही चौघं स्वतः छापणारे मिळून एक गाळा घेतो. टेबलावर पुस्तकांशेजारी दोनशेपानी वही असते, तिच्यात चार रकाने: नाव, गाव, नंबर आणि "आणखी काय वाचायला आवडतं". पुस्तक घेणाऱ्यालाच वही पुढे करायची, नुसतं चाळणाऱ्याला नाही. चौथ्या रकान्याने मला खूप शिकवलं. पारनेरच्या एका बाईंनी तिथे "दिवाळी अंकातल्या विज्ञानकथा, पण शेवट दुःखी नको" असं लिहिलं होतं. एका निवृत्त वायरमननी नुसतं "खगोल" लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ही माणसं मला चेहऱ्याने आठवतात.

घरी येऊन ती नावं व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत घालायची. एका यादीत 256 जण मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून टेबलावरच "माझा नंबर सेव्ह करता का?" असं विचारावं लागतं. वर्षातून तीन-चारच निरोप पाठवायचे, रोज सुप्रभात नाही. माझ्या वहीत तेव्हा एकशेऐंशीच्या आसपास नावं होती. दुसरी कादंबरी आली तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांतल्या साठेक जणांनी ती मागवली. एकीकडे अकराशेंतून चार चौकशा, दुसरीकडे एकशेऐंशींतून साठ पुस्तकं. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. एकच लेखक, दोन वेगळी पुस्तकं, मधे दीड वर्ष. पण मला तेवढं पुरेसं झालं.

ई-बुक या दोन्हींच्या मधे बसतं, आणि ते छापील पुस्तकासोबत अवश्य काढा असं मी म्हणेन. सिंगापूरला किंवा अमेरिकेत असलेल्या मराठी वाचकाला पुस्तक टपालाने पाठवणं पुस्तकाच्या किमतीपेक्षा महाग पडतं. त्याच्यासाठी किंडल बरं. एक अट मात्र ध्यानात ठेवा. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन हवं असेल तर पुस्तक ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत टाकावं लागतं, नाहीतर 35 टक्के. त्या योजनेत असेपर्यंत, म्हणजे नव्वद-नव्वद दिवसांच्या मुदतीत, तोच मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा. छापील प्रतीला ही आडकाठी नाही. थोडक्यात, छापील आणि सिलेक्ट एकत्र नांदतात. ॲपवरचे भाग आणि सिलेक्ट नांदत नाहीत. मला हे उशिरा कळलं आणि चौदाच्या चौदा भाग उतरवावे लागले.

दिवाळी अंकाचं काय, असं विचाराल. तो या दोघांचा प्रतिस्पर्धी नाही, पण जाहिरात म्हणून त्याच्याइतकं भरवशाचं आपल्याकडे काही नाही. 'नवल', 'धनंजय' यांसारख्या अंकांनी अद्भुत आणि विज्ञानकथेचा वाचक टिकवून ठेवलाय. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धाही आहे. 1974 साली जयंत नारळीकरांनी त्याच स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे आपण सगळेच जाणतो. कादंबरी यायच्या वर्षी त्याच जगातली एक स्वतंत्र कथा अंकाला द्या. ऐन दिवाळीत नाही, पावसाळ्याच्या आधी संपादकांशी बोला. माझ्या वहीतली तीसेक नावं "अंकात तुमची कथा वाचली होती" म्हणत आलेल्यांची आहेत.

तुमच्या हाताशी दहा-पंधरा हजार रुपये नसतील, गठ्ठे ठेवायला कोरडी जागा नसेल, किंवा चार अनोळखी माणसांसमोर पुस्तक घेऊन उभं राहणं जिवावर येत असेल, तर ॲपनेच सुरुवात करा. त्यात कमीपणा नाही, आणि लिहिण्याचा सराव उत्तम होतो. फक्त स्वतःचा एक वेगळा ईमेल पत्ता काढा आणि ॲपच्या नियमांत बसत असेल तर तो पहिल्या भागाच्या शेवटी द्या: "चूक सापडली तर इथे कळवा, छापील प्रत तुम्हाला माझ्याकडून." मी तो चौदाव्या भागात दिला. चंद्राची चूक दाखवणारा वाचक तेराव्यातच शेवटचं बोलून गेला होता.