नोगुचींचे टेबल : दोन लाकडांवर तोललेली काच

इसामू नोगुची हे मुळात शिल्पकार. पॅरिसमध्ये आधुनिक शिल्पकार ब्रांकुशींच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले होते, आणि १९४० च्या दशकात हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीसाठी त्यांनी आखलेले काचेचे टेबल न्याहाळताना तो संस्कार जागोजाग जाणवतो.

टेबलाचे मुख्य भाग तीनच आहेत : लाकडाचे दोन वळणदार तुकडे आणि वरची काच. दोन्ही तुकडे हुबेहूब सारखे असून एक सुलटा व दुसरा उलटा ठेवून ते एका खुंटीने जोडलेले आहेत. गोलसर कोपऱ्यांची, सुमारे १९ मिलिमीटर जाडीची त्रिकोणी काच त्यांवर तीन ठिकाणी नुसती टेकते. तिला ना स्क्रू, ना डिंक, ती आपल्याच वजनाने जागेवर राहते. शिल्प म्हणून जे डोळ्यांत भरते तेच येथे भार पेलते, त्यामुळे शोभेपुरते असे काही वेगळे काढून दाखवता येत नाही.

याची पहिली कल्पना नोगुचींनी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे अध्यक्ष गुडइयर यांच्यासाठी केलेल्या टेबलात दिसते. पुढे आपल्या रचनेशी मिळतेजुळते टेबल फर्निचर-रचनाकार रॉब्सजॉन-गिबिंग्ज यांच्या नावाने जाहिरातीत झळकल्याचे पाहून त्यांनी जाब विचारला, तेव्हा तीन पायांचे टेबल कोणीही करू शकतो, असे उत्तर त्यांना मिळाले. (आपला ‘टीपॉय’ही मूळचा तिपाईच, हा योगायोग मजेदार आहे.) त्या रागातून त्यांनी स्वतःच्याच टेबलाचे जे नवे रूप घडवले, ते आजचे टेबल.

वापराच्या दृष्टीने मात्र ते लाडावलेले आहे. उंची जेमतेम सोळा इंच असल्याने बशीतले खाताना वाकावे लागते, काचेवर बोटांचे ठसे लगेच उठतात, आणि पन्नास इंच लांब व छत्तीस इंच रुंद असा पसारा लहान दिवाणखान्याला जड जातो. वर्तमानपत्रांचा ढीग ठेवला की खालचे लाकूड झाकले जाते आणि दिलेल्या किमतीतला मोठा वाटा वाया जातो. ज्यांना टेबल रिकामे ठेवणे जमते, त्यांनीच ते घ्यावे.

नकला पुष्कळ आहेत. त्यांत काच बहुधा पातळ असते आणि लाकडाची वळणे बोजड दिसतात. हर्मन मिलरच्या सध्याच्या टेबलांच्या काचेच्या कडेवर नोगुचींची सही कोरलेली असते.